फाटकापर्यंत

एफ्रेन : पातेलं बघ लिगाया. यात मला आंघोळ घालता येईल. एवढ्या शेवया खाणार कोण?

लिगाया : आंघोळ मग कर. आधी कोबी चीर. बारीक.

एफ्रेन : एक मी, एक तू.

लिगाया : आणि पोटातलं? ते कुणी धरायचं?

एफ्रेन : बरं, अडीच माणसं. अडीच माणसांना पातेलंभर शेवया.

लिगाया : आईचा नववा दिवस आहे आज. येईल त्याला पोटभर वाढायचं असतं. बशीभर करून ठेवू? लोक काय म्हणतील?

एफ्रेन : कुठले लोक?

लिगाया : कोबी चीर म्हटलं ना.

एफ्रेन : तसं नाही गं. तेसीची दवाखान्यात रात्रपाळी आहे. बोयेत बायकोला घेऊन मस्कतला गेलाय. आपल्या ओळखीचं आणखी एखादं फिलिपिनो घर या सोहारमध्ये आहे कुठं? मीसुद्धा तासाभरात बर्फाच्या कारखान्यावर जाणार.

लिगाया : जा की. तुला कुणी धरून ठेवलंय?

एफ्रेन : सुट्टी मागितली होती मी. हंगाम आहे. बंदरात होड्या बर्फासाठी खोळंबल्यात. कुणालाच सोडत नाहीत.

लिगाया : गावाला माझ्या बहिणीनं, देलियानं, अंगणात ताडपत्री बांधलीय. सगळी गल्ली येऊन बसलीय. पत्ते चाललेत, गाणी चाललीत. तो दोमिंग, जो आईशी आयुष्यभर बोलला नाही, कुंपणावरून नुसता भांडला, तोसुद्धा येऊन कपावर कप कॉफी पितोय म्हणे. आणि रडतोय.

एफ्रेन : आता रडतोय होय? कुंपण हलवलं तेव्हा नाही आठवलं त्याला.

लिगाया : मला आईचं तोंड फोनवर दाखव म्हटलं की देलिया फोन फुलांकडे फिरवायची.

एफ्रेन : पोटुशी बाईनं मेलेल्याचं तोंड बघू नये म्हणून.

लिगाया : मला सांगतोस? तिच्या जागी मी असते तर मीही फुलंच दाखवली असती. पण मातीत ठेवेपर्यंत मी फुलंच बघितली, एफ्रेन. माझी आई गेली आणि मी इथं बसून फुलं बघितली.

एफ्रेन : डॉक्टरनं विमानात बसू दिलं नाही, त्याला तू काय करणार? एवढं मोठं पोट घेऊन मनिलापर्यंत... इकडे बघ. डोळे पूस. कोबी चिरला मी. बघ, बारीक आहे का?

लिगाया : हा बारीक? बकरी खाईल हा. ...थांब. ऐकलंस?

एफ्रेन : काय?

लिगाया : भिंतीपलीकडे. खलबत्ता. उम्म हिलाल वेलदोडे कुटतेय. दुपार उतरतानाची नमाज झाली की ती वेलदोडे कुटते, मग कॉफी उकळते, थर्मास भरते, चपला घालते, आणि मग आपलं फाटक वाजतं. या घरात आल्यापासून रोज हेच ऐकत आलेय मी. आता कुटते. थर्मासचं झाकणसुद्धा ऐकू येतं. पुढं काहीच नाही.

एफ्रेन : त्यांच्यात समाचाराचे तीनच दिवस असतात.

लिगाया : समाचाराचे असतील तीन. कॉफीचेही तीनच असतात का? आई जिवंत होती तेव्हाही ती यायचीच की.

एफ्रेन : कामं असतील तिला. बकरी व्यालीय त्यांची.

लिगाया : बकरीचं मला सांगू नकोस. मी उठले नाही म्हणून ती दुखावलीय.

एफ्रेन : असं काही नसेल.

लिगाया : आणखी काय असणार? तिन्ही दिवस गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन आली. खजूर आणले, कॉफी आणली. माझ्याकडे कप पुरायचे नाहीत म्हणून कपसुद्धा आणले. माझ्या शेजारी चटईवर बसली, हात सोडला नाही माझा. आणि ती निघायला उठली तेव्हा मी जागची हलले नाही. 'आलात, बरं वाटलं' एवढंही तोंडातून काढलं नाही.

एफ्रेन : सुतकात आलेल्या माणसाला सोडायला जायचं नसतं. आभारही मानायचे नसतात. तू वागलीस ते बरोबरच वागलीस.

लिगाया : आपल्या हिशेबानं. तिच्या हिशेबानं काय? ती बाई पाण्याच्या टँकरवाल्यालाही फाटकापर्यंत सोडायला जाते. वर फाटकाशी उभं राहून त्याच्या पोराबाळांची चौकशी करते. घरातल्या घरात निरोप दिला तर ते तिच्या लेखी हाकलून देणंच झालं.

एफ्रेन : जाईल राग. माणसं विसरतात.

लिगाया : कधी? बाळ झाल्यावर? ती म्हणाली होती, पोटात कळ आली की भिंतीवर थाप मार. रात्र असो, दिवस असो. माझा लेक हिलाल गाडी काढेल, मी तुझ्यापाशी बसते, तुझा नवरा बसू दे बर्फ फोडत. असं म्हणाली होती. आता कुठल्या तोंडानं थाप मारू? तू बर्फात, आई मातीत. कुणासाठी मारू थाप?

एफ्रेन : असं बोलू नकोस गं.

लिगाया : मग कसं बोलू? पहिलं बाळंतपण आहे माझं. मला भीती वाटते, एफ्रेन. तू कामावर गेलास की मी दिवा चालू ठेवून झोपते. झोपते म्हणजे काय, पडून राहते.

एफ्रेन : मला सांगितलं नाहीस कधी.

लिगाया : सांगून तू काय करणार होतास? ...हे बघ, ही थाळी घे. कोळंबीच जास्त वाढलीय. त्यांच्याकडे देऊन ये. म्हणावं, लिगायानं पाठवलंय.

एफ्रेन : मी?

लिगाया : आणखी कोण आहे घरात?

एफ्रेन : आत्ता नको. हिलाल असेल घरी.

लिगाया : असू दे की. तुझा दोस्त ना तो? बंदरावर एकत्र चहा पिता.

एफ्रेन : उद्या देतो.

लिगाया : नववा दिवस आज आहे, उद्या नाही. तुझं काय चाललंय? हिलालचं नाव काढलं की तोंड फिरवतोस.

एफ्रेन : काही नाही. थकलोय.

लिगाया : मग मीच गेले असते. पण सख्खी लेक मी, सुतकात दुसऱ्याच्या दारात जाऊ कशी? बरं. राहू दे ती थाळी. चमचा दे तो इकडे. लाकडी.

एफ्रेन : कशाला?

लिगाया : भिंतीवर मारायला.

एफ्रेन : लिगाया, वेड लागलंय का? तिला वाटेल तुझं... अगं, थांब!

(लिगाया भिंतीवर जोरजोरात चमचा आपटते. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज. मग पळणारी पावलं, फाटक, दार.)

उम्म हिलाल : कुठं आहे ती? पाणी गेलं का? अगं उभी काय राहिलीस, बस खाली! टेकून बस! हिलाल गाडी काढतोय. कळा कधीपासून येतायत?

लिगाया : उम्म हिलाल, कळा नाहीत.

उम्म हिलाल : मग? अंगावरून गेलं?

लिगाया : नाही. बरी आहे मी. मी... शेवया केल्यात.

उम्म हिलाल : काय केल्यात?

लिगाया : शेवया. कोळंबी घालून.

उम्म हिलाल : या अल्ला! मी अनवाणी पळत आले. कॉफी चुलीवर, खलबत्ता पालथा पडला, वेलदोडे सगळ्या अंगणभर! हिलाल! ए हिलाल! बंद कर ती गाडी! काही नाही झालं! शेवया केल्यात हिनं! ...आणि रस्त्यात उभा राहून हसू नकोस, घरी जा!

लिगाया : माफ करा. तुमचे पाय... रस्ता तापलेला असेल.

उम्म हिलाल : पाय आहेत जागेवर. काळीज कुठं गेलं ते शोधावं लागेल. तुझा नवरा कुठाय?

एफ्रेन : स्वयंपाकघरात आहे मी. पडद्यामागे.

उम्म हिलाल : राहा तिथंच. डोक्यावरचं वस्त्र धड नाही माझ्या. पळताना निसटलंय.

लिगाया : मला वाटलं तुम्ही येणारच नाही.

उम्म हिलाल : थाप पडल्यावर येणार नाही? शब्द दिलाय मी. राग आपल्या जागी, थाप आपल्या जागी.

लिगाया : म्हणजे राग आहे.

उम्म हिलाल : का नसावा? गल्लीतल्या बायकांना मी गोळा करून आणलं. म्हटलं, पोर परकी आहे, आई गेलीय, तिला या मुलखात कुणी नाही. पहिल्या दिवशी तू उठली नाहीस. उम्म सैफ म्हणाली, बघितलंस? मी म्हटलं, गप, पोटुशी आहे, रडून दमलीय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी बायकांना पुढं जाऊ दिलं आणि एकटीच तुझ्या फाटकाशी थांबले. म्हटलं, निदान माझ्यासाठी तरी येईल. खिडकीचा पडदा हलला. तू नाही आलीस.

लिगाया : मी बघत होते तुम्हाला.

उम्म हिलाल : बघत होतीस ना? मग? चार पावलं जड झाली? आणि त्यावर तुझ्या नवऱ्याचा तो निरोप.

लिगाया : कसला निरोप?

उम्म हिलाल : म्हणजे तुला माहीत नाही? मी हिलालला म्हटलं, बंदरावर गेलास की विचार, आमचं काय चुकलं. तर तुझ्या नवऱ्यानं सांगितलं, आमच्यात दुःख एकट्यानं करायचं असतं. बायकांना सांगा, येऊ नका. आता तुमची रीतच तशी म्हटल्यावर मी कशी येणार? रोज कॉफी करते आणि एकटीच पिते.

लिगाया : एफ्रेन.

एफ्रेन : हं.

लिगाया : हे तू सांगितलंस?

एफ्रेन : आत्ता नको. ती बसलीय.

लिगाया : तिला आपली भाषा कुठं येते? बोल.

एफ्रेन : काय बोलू? चार माणसांत हिलाल विचारतोय, माझी आई घरी येऊन रडली, तुझी बायको का उठली नाही? त्याला सांगू, की ती उठली असती तर तुझ्या आईच्या मागोमाग तुझ्या घरात मरण शिरलं असतं? असं कुणाच्या आईबद्दल बोलतं का कुणी? मला त्या वेळी जे सुचलं ते बोलून गेलो. मग मागं घेता येईना.

लिगाया : आपल्यात दुःख एकट्यानं करतात? आपल्यात? मेलेल्या माणसालाही जिथं एका रात्रीपुरतं एकटं ठेवत नाहीत?

एफ्रेन : चुकलं माझं.

लिगाया : मी रोज त्या भिंतीला कान लावून बसले होते रे. आणि तू मला सांगतोस बकरी व्यालीय.

एफ्रेन : बकरी खरंच व्यालीय.

उम्म हिलाल : अरे भांडू नका. शब्द नाही कळत मला, पण भांडण कळतं. चाळीस वर्षं संसार केलाय मी.

लिगाया : उम्म हिलाल, मी का उठले नाही ते सांगायचंय. माझी अरबी पुरत नाही. एफ्रेन, तू सांग तिला. खरं ते सांग.

एफ्रेन : ती म्हणते... तिचे पाय फार सुजले होते.

लिगाया : पाय? पाय म्हटलं मी? तेवढी अरबी येते मला!

उम्म हिलाल : पडद्यामागच्या, तू गप्प बस. तू बोल, पोरी. जशी येते तशी बोल. तुझ्या अरबीची सवय झालीय मला. बाजारात तू कांदे मागतेस आणि तो बिचारा लसूण देतो, तरी तुमचं भागतंच ना?

लिगाया : आमच्याकडे... घरात कुणी गेलं, तर मरण लगेच जात नाही. दारात बसून राहतं. भेटायला माणसं येतात. ती निघाली, आणि मी सोडायला दारापर्यंत गेले, तर ते उठतं. त्या माणसाच्या मागं जातं. त्याच्या घरी. म्हणून उठायचं नाही. आभार नाही. काही नाही. तुम्ही फाटकाशी थांबलात. मला पळत यायचं होतं. मी खिडकीचा गज धरून ठेवला. तुमच्या घरात हिलाल आहे. त्याची छोटी आहे. तुम्ही आहात. माझी एक आई गेली. दुसरीला कसं घालवू?

उम्म हिलाल : दारात? या दारात?

लिगाया : तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल.

उम्म हिलाल : हसतेय का मी? ...मरण असं कुणाच्या मागून जात नसतं, पोरी. ज्याचा त्याचा दिवस लिहिलेला असतो.

लिगाया : असेल. पण तुमच्यावर ते करून बघायचं नव्हतं मला.

उम्म हिलाल : म्हणजे तू माझ्यासाठी बसून राहिलीस. आणि मी गल्लीभर सांगत सुटले, हिला रीतभात नाही म्हणून. आता त्या उम्म सैफला मी काय तोंड दाखवू?

एफ्रेन : पाय सुजले होते म्हणा.

उम्म हिलाल : अजून बोलतोच आहे हा! ...आण त्या शेवया. नुसत्या कोळंबीच्याच ना? दुसरं काही नाही ना त्यात?

लिगाया : नाही. तुमच्यासाठी पातेलंही नवीन काढलंय.

उम्म हिलाल : माझ्यासाठी? मी येणार हे ठाऊक होतं तुला?

लिगाया : नाही. तरी काढलं.

उम्म हिलाल : हं. ...मीठ कमी आहे.

लिगाया : आई कमीच घालायची.

उम्म हिलाल : मग बरोबर आहे. काय नाव तिचं? तीन दिवस आम्ही तिच्यासाठी बसलो, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

लिगाया : रेमेदियोस.

उम्म हिलाल : रेमे... हे माझ्या जिभेला नाही जमायचं.

लिगाया : सगळे मेदिंग म्हणायचे.

उम्म हिलाल : मेदिंग. हे जमतं. काय करायची?

लिगाया : बाजारात सुकी मासळी विकायची. हाताचा वास कधी गेला नाही तिच्या. मी इकडे यायला निघाले तेव्हा नवीन साबण आणून हात धुतले, मला जवळ घ्यायला. तरी वास आलाच.

उम्म हिलाल : माझा धनीही मासळीचाच धंदा करायचा. तो वास मला अजून कधीमधी येतो. घरात कुणी नसताना.

लिगाया : कुणीही निघालं की ती फाटकापर्यंत यायची. शेजारच्या गावाला जायचं असलं तरी. म्हणायची, पोचलीस की कळव. इथं आल्या दिवशी मी कळवायला विसरले, तर रात्रभर जागी होती.

उम्म हिलाल : आयांना दुसरं काय येतं?

लिगाया : आज नववा दिवस. आज ती पुढं जाते म्हणतात. ती पोचली की नाही हे मला कोण कळवणार, उम्म हिलाल?

उम्म हिलाल : ये इकडे. अशी टेक माझ्या खांद्याला. रड. या घरात कुणी तुला एकटीनं रडायला सांगितलेलं नाही, त्या पडद्यामागच्याचं ऐकू नकोस. ...बघ, हलतंय आत. लाथ मारली मला. आजीला ओळखलं वाटतं.

लिगाया : त्याला शेवया हव्यात.

उम्म हिलाल : त्यालाही मीठ कमीच लागेल. ...सांजेची बांग झाली बघ. उठायला हवं मला. वेलदोडेही वेचायचेत, नाहीतर बकरी खाऊन टाकेल.

लिगाया : मी...

उम्म हिलाल : कुठं उठतेस?

लिगाया : तुम्हाला फाटकापर्यंत...

उम्म हिलाल : बस खाली. नववा दिवस सरलाय का अजून? मग बस.

लिगाया : पण तुम्हाला वाईट वाटेल.

उम्म हिलाल : वाटेलच की. साठ वर्षांची सवय आहे, ती काय एका संध्याकाळी जाते? वाटू दे. तू बस. उद्या दुपारी येते मी, कॉफी घेऊन. आणि आज रात्री हिलालच्या छोटीला पाठवते तुझ्याजवळ झोपायला. दिवा मालवून झोप. घोरते थोडी ती, पण घोरण्याची सोबत होते.

लिगाया : आभा...

उम्म हिलाल : अगं अगं! आभारसुद्धा नाहीत ना आज? मग गिळ तो शब्द. निघते मी.

एफ्रेन : ...येऊ का बाहेर?

लिगाया : ये. गेली ती?

एफ्रेन : खिडकीतून बघतो. फाटकापर्यंत गेलीय.

लिगाया : मग?

एफ्रेन : उभी आहे तिथं.

लिगाया : इकडे बघतेय?

एफ्रेन : हो. ...आता फाटकाची कडी हातानं चाचपतेय. उगाचच. मी जाऊ का? मी तर जाऊ शकतो ना?

लिगाया : तूही नको. तुझीही सासू होती ती. बाहेरचा दिवा तेवढा लाव. अनवाणी आहे ती, खडे टोचतील.

एफ्रेन : लावला. ...गेली. वळली त्यांच्या दारात.

लिगाया : तू पण निघ. उशीर होईल.

एफ्रेन : थाळी भरून घेतो. तिकडे सगळ्यांना देईन, आईच्या नावानं. आणि हिलालला खरं काय ते सांगेन. शप्पथ.

लिगाया : पाय सुजले होते असं नाही ना सांगणार?

एफ्रेन : नाही गं. ...लिगाया, भिंत. ऐकलंस?

लिगाया : ऐकलं.

एफ्रेन : थाप मारली तिनं. का मारली असेल?

लिगाया : पोचली म्हणून.

एफ्रेन : मी मारू का परत? आपल्याला कळलं, हे तिला कळायला?

लिगाया : मार. पण हळू मार. नाहीतर परत पळत येईल.